टॅटू कधी काढू नये: दर्या, घाम, भरती आणि आपली कातडी

दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात किनारा भरला की मालवण-तारकर्लीपासून वर गणपतीपुळे, अलिबागपर्यंत टॅटूवाले दिसायला लागतात, जत्रांमध्ये तर असतातच, आणि मग पुढचे दोन-तीन आठवडे आमच्या काउंटरवर एकच वाक्य ऐकू येतं, "टॅटूवर लावायला कायतरी द्या ओ, खाज सुटलीय." किनाऱ्यावरच्या गावात माझं मेडिकल आहे, त्यामुळे टॅटू झाल्यानंतरची बाजू मला रोज बघायला मिळते. टॅटू वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही, आमच्या आज्यांच्या हातावर गोंदण होतंच की. पण टॅटू काढताना शरीरात नेमकं काय होतं हे बहुतेक पोरांना कोणी सांगितलेलंच नसतं, आणि ते एकदा समजलं की कधी काढायचा, कुठे काढायचा, कोणी काढूच नये, हे बरंचसं आपलं आपल्यालाच उलगडतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

कातडीचे ढोबळ दोन थर धरा. वरचा पातळ थर सतत झडत असतो आणि साधारण महिन्याभरात पूर्ण नवा होतो, म्हणून तर मेंदी उतरते. टॅटूचा रंग त्याच्या खालच्या, न झडणाऱ्या थरात सोडावा लागतो. त्यासाठी मशीनची सुई मिनिटाला हजारो वेळा कातडीत जाते, एक-दोन मिलिमीटर खोल. शरीराच्या दृष्टीने हा सरळ सरळ हल्ला असतो. लगेच मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी तिथे जमा होतात आणि रंगाचे कण गिळून टाकतात. तिथे जंतू असता तर तो त्यांनी पचवला असता, पण रंगाचा कण पचत नाही, मग तो पोटात घेऊन ती पेशी तिथेच बसून राहते. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से शहरातल्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की ही पेशी मेली की रंग बाहेर सांडतो आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी तोच रंग परत गिळते, आणि हे असंच चालू राहतं. म्हणजे शरीर तो रंग साफ करायचा प्रयत्न कधीच सोडत नाही, आणि त्या प्रयत्नामुळेच टॅटू जागेवर राहतो! काही बारीक कण मात्र तिथून निघून काखेतल्या, जांघेतल्या लिम्फच्या गाठींपर्यंत जातात, तेही २०१७ मध्ये जर्मन आणि फ्रेंच संशोधकांनी एक्स-रेच्या साहाय्याने बघितलंय.

तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पहिले दोन-तीन आठवडे टॅटू ही हजारो भोकांची उघडी जखम असते, आणि त्यानंतर तो तुमच्या अंगात कायमचा राहिलेला परका पदार्थ असतो. पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं ह्या दोन गोष्टींतूनच निघतं.

पहिली जखमेची गोष्ट घेऊ, कारण कोकणात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. माणूस फिरायला येतो तीन दिवसांसाठी, पहिल्या दिवशी संध्याकाळी उत्साहात टॅटू काढतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्कुबाला नाहीतर बनाना राईडला जातो. समुद्राचं पाणी खारं म्हणजे जखमेला चांगलं असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, पण मीठ-पाण्याने जखम धुणं वेगळं आणि जिथे खाडीचं पाणी, बोटींचं डिझेल, बंदरावरची घाण सगळं येऊन मिळतं त्या पाण्यात जखम तासभर भिजवणं वेगळं. उबदार खाऱ्या आणि मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू नैसर्गिकरीत्याच असतात. त्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा सगळ्यात वाईट. अमेरिकेत ३१ वर्षांचा एक माणूस पायावर टॅटू काढल्यावर पाचव्या दिवशी मेक्सिकोच्या आखातात पोहला, त्याला ह्या जंतूचा संसर्ग झाला आणि उपचार चालू असतानाच तो काही आठवड्यांनी वारला, २०१७ मध्ये ही केस ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या केस रिपोर्टमध्ये छापून आली होती. त्याचं लिव्हर दारूने आधीच खराब होतं, आणि हाच मुद्दा मला ठळक करायचाय, की धडधाकट माणसाला हा जंतू क्वचित इतका त्रास देतो, पण ज्याचं लिव्हर बिघडलंय, ज्याची शुगर आटोक्यात नाही, त्याच्या बाबतीत तासातासाने खेळ बदलतो. आपल्या गावात दारूने लिव्हर गेलेली माणसं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको.

गेल्या सीझनला एक बोटीवरचा पोरगा लंगडत आला. मी विचारलं, "पायाक काय झाला रे?" तर म्हणे, "काय नाय ओ, टॅटू काढलंय, पाय वायच सुजलो हा." पँट वर केली तर पोटरीवर नांगराचा टॅटू, बाजूची कातडी लाल आणि हात लावला तर गरम, आणि लालीची कड टॅटूच्या बाहेर चांगली दोन बोटं गेलेली. टॅटू काढल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हा रोज गुडघाभर पाण्यात उतरून टुरिस्टना बोटीत चढवत होता, मधे कोणीतरी हळद-खोबरेल लावायला सांगितलं ते लावलं, आणि त्याच्यावर खाजेची ती नेहमीची मिक्स ट्यूब. ती ट्यूब मी लोकांना द्यायला नकार देतो म्हणून लोक रागावतात, पण तिच्यात स्टिरॉइड असतं, त्याने लाली आणि खाज तात्पुरती दबते आणि आत संसर्ग आरामात पसरतो. मी बॉलपेनने त्या लालीच्या कडेने रेघ ओढली आणि सांगितलं की आत्ताच डॉक्टरकडे जा, आणि लाली ह्या रेघेच्या बाहेर किती वेळात गेली ते त्यांना सांग. ही पेनाची रेघ घरी कोणालाही मारता येते आणि डॉक्टरला तिचा खरंच उपयोग होतो. लाली पसरतेय, पू येतोय, थंडी वाजून ताप आला, टॅटूकडून वर काखेकडे किंवा जांघेकडे लाल रेघ चढली, किंवा काळसर-जांभळे फोड आले, ह्यातलं काहीही दिसलं तर ट्यूब शोधत मेडिकलला यायचं नाही, थेट डॉक्टर. फोड आणि ताप एकत्र असतील तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका.

मग किनाऱ्यावर राहणाऱ्याने काढायचा तरी कधी? मच्छीमार पोरांसाठी मला तरी बंदीचा काळ बरा वाटतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींनी समुद्रात जायचंच नसतं, त्यामुळे जूनच्या सुरुवातीला काढला तर नारळीपौर्णिमेपर्यंत कातडी नीट भरून येते. पावसात दमटपणा असतो, कपडे वाळत नाहीत, बुरशी पटकन धरते, म्हणून सैल सुती कपडा आणि जागा कोरडी ठेवणं हे पाळावंच लागतं, पण रोज खाऱ्या पाण्यात आणि माशांच्या काट्यांत हात घालण्यापेक्षा ते परवडलं. मासे साफ करणाऱ्या, जाळी ओढणाऱ्या, कोळंबी सोलणाऱ्या बायांना आणि पुरुषांना तर मी हाताचा टॅटूच नको म्हणतो. एक तर माशांच्या आणि पाण्याच्या संपर्काने होणारे काही हट्टी जंतू असतात, त्यांच्या गाठी महिनोन्महिने जात नाहीत आणि साधी अँटिबायोटिक त्यांना लागू पडत नाहीत. आणि दुसरं, बोटांवर आणि तळहाताच्या कडेला टॅटू टिकतच नाही, तिथली कातडी इतकी घासली जाते की वर्ष-दोन वर्षांत नक्षी तुटक-तुटक दिसते. काजूच्या कामाला जाणाऱ्यांचंही तसंच, टरफलातल्या तेलाने चांगली कातडी भाजते, तिथे ताज्या जखमेचं काय होईल.

चाकरमान्यांनी तारखा बघाव्यात. गणपतीला गावी जायच्या आधी चार दिवस मुंबईत टॅटू काढायचा आणि मग विसर्जनाला कमरेएवढ्या पाण्यात उतरायचं, किंवा शिमग्याला पालखी नाचवताना त्याच्यावर गुलाल घ्यायचा, हे दरवर्षी होतं. देवाचं काम आहे, तुम्ही मागे थोडेच राहणार, म्हणून टॅटू सणाच्या आधी निदान महिनाभर किंवा सण झाल्यावर. लग्नाचंही तेच. ऊन हाही एक भाग आहे, ताज्या टॅटूवर ऊन घेऊ नये आणि भरून येईपर्यंत सनस्क्रीनही लावू नये, सैल कपड्याने झाकायचं. पूर्ण भरल्यावर मात्र सनस्क्रीन लावायचं, कारण आपल्याकडच्या उन्हात रंग लवकर विटतो. धुताना साधा सौम्य साबण, वरून ओतलेलं पाणी, आणि विहिरीचं पाणी असेल तर उकळून गार केलेलं. खपली खाजवून काढायची नाही, तिच्याबरोबर रंगही येतो.

आता सुई कोणाच्या हातात आहे ते. जत्रेतला माणूस पाच मिनिटांत नाव काढून देतो, शेकड्यात काम होतं, आणि त्याच्याकडे रांग असते. रांग असणं हीच तिथली धोक्याची खूण आहे, कारण सुई प्रत्येकाला नवी हवी, रंगाची छोटी वाटी प्रत्येकाला नवी हवी, हातमोजे नवे हवेत, मशीनला आणि वायरला प्लास्टिक गुंडाळलेलं हवं, आणि हे सगळं प्रत्येक माणसामागे बदलायचं म्हटलं तर पाच मिनिटं नुसती त्यालाच जातात. सुई बदलली आणि रंगाची बाटली तीच ठेवली तरी उपयोग नाही, आधीच्या माणसाचं रक्त रंगात उतरलेलं असतं. लोकांना भीती एचआयव्हीची असते, आणि ती असायलाही हवी, पण हिपॅटायटीस बी ही रक्तातून होणारी कावीळ त्याहून कितीतरी सहज पसरते, आणि तिचा विषाणू सुकलेल्या रक्तात अंगाबाहेर किमान सात दिवस जिवंत राहतो. बी ची लस आहे, मोठ्या माणसाला तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण. ती सगळ्या राज्यांत सरकारी लसीकरणात यायला २०११ उजाडलं, त्यामुळे आज विशी-पंचविशीत असलेल्या कित्येकांना ती लहानपणी मिळालेलीच नाही. हिपॅटायटीस सी ला तर लसच नाही. टॅटू काढायचा विचार असेल तर बी ची लस आधी पूर्ण करा, हे मी प्रत्येकाला सांगतो.

रंगाचंही तसंच आहे. २०११ च्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये एकाच टॅटूवाल्याकडे गेलेल्या १९ जणांना पुरळ आलं, तपास केल्यावर कळलं की तयार करड्या रंगाच्या शाईतच मायकोबॅक्टेरियम जातीचा जंतू होता. बाटली सीलबंद, दुकान स्वच्छ, तरी. मग आपल्याकडे नळाचं पाणी घालून काळा रंग पातळ करतात आणि त्याने सावली भरतात, तिथे काय खात्री द्यायची? पाणी घालताना दिसलं तर उठून यायचं, पैसे दिले असले तरी. युरोपियन युनियनने २०२२ पासून टॅटूच्या रंगातल्या हजारो रसायनांवर बंधनं घातली, आणि निळ्या-हिरव्याचे दोन फार वापरातले रंग २०२३ पासून बंद केले. म्हणून बाटलीवर कंपनी, बॅच, एक्सपायरी काही आहे का ते बघायला लाजू नका, आम्ही साध्या गोळीच्या पट्टीवर बघतो की नाही?

"मग कायमचा नको, काळ्या मेंदीचा काढू" असं म्हणणारे बरेच, विशेषतः लहान मुलांसाठी. हे मला सगळ्यात जास्त सलतं. खरी मेंदी तास न् तास ठेवावी लागते आणि ती लालसर-तपकिरी येते. जी अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होते तिच्यात बहुतेकदा पीपीडी नावाचं हेअर डायमधलं रसायन घातलेलं असतं. युरोपमध्ये केसाच्या डायमध्येसुद्धा ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला तर बंदीच आहे. पोराच्या हातावर विंचू काढला, आठवड्याने विंचवाच्याच आकाराचे पाण्याचे फोड आले, असं होतं ते. फोड जातात, पण एकदा ती अॅलर्जी शरीरात बसली की आयुष्यभर राहते, आणि पुढे पस्तिशी-चाळिशीत त्या माणसाने केसाला डाय लावला की चेहरा, डोळे सुजून दवाखान्यात. पन्नास रुपयांच्या विंचवासाठी पोराच्या नशिबी हे कशाला?

आणि एक आमच्या धंद्यातलं. दुखू नये म्हणून सुन्न करणारी क्रीम मागायला येतात. तिच्यात लिडोकेन असतं. छोट्या जागेवर, सांगितलं तेवढीच, तर ठीक, पण अख्ख्या पाठीला थापून वर प्लास्टिक गुंडाळून दोन तास बसायचं हे कोणीतरी व्हिडिओत सांगितलेलं असतं. तशाने औषध रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, फिट येऊ शकते, श्वास अडकू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये अशा क्रीमबद्दल जाहीर इशारा दिला होता.

कोणी काढूच नये, किंवा डॉक्टरला विचारल्याशिवाय काढू नये, ते पटकन सांगतो. ज्यांना जखमेच्या जागी फुगीर, कडक वण येतात, म्हणजे केलॉइड, त्यांनी नाहीच, विशेषतः छाती आणि खांद्यावर, कारण मग टॅटूच्या रेषांनीच वण उठतात. सोरायसिस किंवा कोड असेल तर जिथे सुई लागते तिथे नवा डाग उठू शकतो. हृदयाच्या झडपेचा आजार असलेल्यांना रक्तात थोडेसे जंतू गेले तरी ते झडपेवर बसू शकतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेले, शुगर वर-खाली असलेले, प्रतिकारशक्ती दाबायची औषधं घेणारे, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणारे, गरोदर बाया. तीळ असेल तर तो मोकळा सोडायचा, त्याच्यावर रंग भरायचा नाही, कारण तीळ बदलतोय का हे पुढे दिसलं पाहिजे. टॅटू असला की एमआरआय करता येत नाही ही मात्र अफवा आहे, करता येतो, फक्त आधी सांगायचं, क्वचित कोणाला तिथे गरम किंवा चुणचुणल्यासारखं वाटतं.

आता सैन्य-पोलीस भरती. सकाळी पाच वाजता वाळूवर धावणारी पोरं बघितली की मला फार बरं वाटतं, आणि त्यांच्यातल्या एखाद्याच्या दंडावर नवा टॅटू दिसला की तेवढीच काळजी वाटते. पोरांचा समज असा की टॅटू झाकलेल्या जागी असला की चालतो, शर्टाच्या आत कोण बघतंय. नेमकं उलटं आहे. आर्मी, नेव्ही, एअर फोर्सच्या नियमात कायमचा टॅटू चालतो तो हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. छाती, पाठ, दंड, खांदा, मान, पोटरी, बाकी कुठेही असेल तर मेडिकलला बाद, आणि मेडिकलला कपडे काढावेच लागतात. आदिवासी समाजात परंपरेने गोंदतात त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, ती आपल्या हौसेला लागू होत नाही. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ ह्या केंद्रीय दलांचं आणखी कडक, तिथे हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू फक्त डाव्या हाताचा चालतो, कारण उजव्या हाताने सॅल्यूट करतात, आणि टॅटूचा आकार त्या भागाच्या पाव हिश्श्यापेक्षा कमी हवा. म्हणजे उजव्या हाताच्या आतल्या बाजूचा टॅटू आर्मीत चालेल आणि सीआरपीएफमध्ये चालणार नाही. आणि आपली पोरं तर दोन्हीकडे फॉर्म भरतात! त्यावर काहीही वादग्रस्त किंवा अश्लील असेल तर जागा बरोबर असूनही उपयोग नाही. कोस्ट गार्ड असो, पोलीस असो, त्या-त्या वर्षीची जाहिरात पूर्ण वाचा, मेडिकलचं पान सोडून वाचू नका. मर्चंट नेव्हीत कंपनीगणिक बदलतं. माझं सरळ मत आहे, भरतीच्या वयात असेपर्यंत टॅटू नकोच, सिलेक्शन होऊ दे, मग बघू. पोरांना पटत नाही, पण त्या एका टॅटूपायी दोन वर्षांची धाव वाया जाते, आईबापाने क्लासला भरलेले पैसे जातात, आणि परत उभं राहायला वय शिल्लक नसतं.

डिझाईनबद्दल बोलताना मला राजमुद्रेचं सांगायचंच आहे. सिंधुदुर्ग किल्ला बघून, शिवराजेश्वराच्या देवळात डोकं टेकून, महाराजांच्या हाताचा ठसा बघून माणूस परत मालवणच्या जेटीला उतरतो तेव्हा भरून आलेलं असतं, मलाही येतं. त्याच भरात मनगटावर दोन रुपयांच्या नाण्याएवढी राजमुद्रा काढून घेतली जाते. ती मुद्रा अष्टकोनी आहे आणि तिच्यात अख्खा संस्कृत श्लोक आहे, "प्रतिपच्चंद्रलेखेव" ह्या पहिल्याच शब्दात च्चं आणि द्र, पुढे र्धि, ष्णु, श्व, सगळी जोडाक्षरं. टॅटूची रेघ कातडीत कधीच जशीच्या तशी राहत नाही, वर वाचलंत ना, पेशी रंग सोडतात आणि परत गिळतात, त्यात दरवेळी तो थोडा सरकतो, टीपकागदावर शाई पसरावी तशी पण वर्षानुवर्षं. बारीक अक्षरातली पोकळी आधी भरते. देवनागरीत तर वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार, एवढ्याशा जागेत सगळी गर्दी. दहा वर्षांनी त्या मुद्रेचा काळा ठिपका होतो, आणि महाराजांची मुद्रा वाचता येत नाही अशी अंगावर वागवणं मला तरी बघवत नाही. काढायचीच तर मोठी काढा, हाताच्या सपाट भागावर, आणि जो अक्षरं मोठी आणि मोकळी ठेवायला तयार आहे अशाच माणसाकडून. महाराजांच्या चेहऱ्याचं तर ह्याहून अवघड आहे, चेहरा काढायला वेगळा हात लागतो, त्या कलाकाराने आधी काढलेले आणि चार-पाच वर्षं जुने झालेले चेहरे दाखवायला सांगा, ताजे फोटो सगळ्यांचेच छान दिसतात.

लिहायचा मजकूर आधी कागदावर छापून दोन माणसांना वाचायला द्या. कॉम्प्युटरवर फॉन्ट बरोबर नसला तर जोडाक्षर तुटतं, पाय मोडलेलं अक्षर वेगळं दिसतं, वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, आणि टॅटू काढणाऱ्याला मराठी येत नसेल तर तो दिसलं तसं गिरवतो. "आई"तली ई ऱ्हस्व झालेली मी बघितलीय, आणि तीही गेलेल्या आईच्या आठवणीत काढलेली. माणूस गेल्यावर लगेच काढू नका, वर्षश्राद्ध होऊ दे, तोपर्यंत चांगला फोटोही सापडतो. प्रेमात असताना नाव काढणाऱ्यांना मी काय सांगणार, पण नुसतं चिन्ह काढलं तर पुढे दुसऱ्या नक्षीत बसवता येतं, नाव बसवता येत नाही.

देवांच्या टॅटूची जागा हा नाजूक विषय आहे. आपल्याकडे कमरेखाली देव चालत नाही, हे मनात असतंच. २०१५ मध्ये बंगळुरूत एका ऑस्ट्रेलियन पर्यटकाला पायावर यल्लम्मा देवीचा टॅटू आहे म्हणून लोकांनी घेरलं होतं, आणि २०१४ मध्ये श्रीलंकेने दंडावर बुद्धाचा टॅटू असलेल्या ब्रिटिश बाईला परत पाठवलं, पुढे तिथल्याच सुप्रीम कोर्टाने तिला भरपाई द्यायला लावली. जमावाचं वागणं चूकच होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही जो देव आपल्या गावच्या पालखीत बसतो त्याला अंगावर कुठे जागा द्यायची हा विचार आधी घरात बसून करा, आईला विचारा, ती काय म्हणते ते ऐका. तिच्याशी त्यावर आयुष्यभर भांडत बसण्यापेक्षा ते सोपं.

आज्यांच्या गोंदणाकडे नीट बघितलं तर बरंच शिकायला मिळतं. कपाळावर, हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, सगळं एकाच काळ्या-हिरव्या रंगात, ठसठशीत, रेघा लांब-लांब. म्हणून साठ वर्षांनी, कातडी सुरकुतली तरी तुळस तुळशीसारखी दिसते. मेल्यावर अंगावरचं सोनं उतरवतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या म्हणायच्या. पण त्याच गोंदणाची दुसरी बाजूही आहे, गोंदणारीण दारात आली की आठ-दहा वर्षांच्या पोरीला धरून बसवायच्या, एकाच सुईने अख्ख्या वाडीतल्या पोरींना गोंदायच्या, पोरीला कोणी विचारायचं नाही. आज अठराच्या आतल्या मुलाला टॅटूसाठी घेऊन येणारे आईबापही असतात, आणि त्यांना मी हेच सांगतो, अंग त्याचं आहे, त्याला अठरा पूर्ण होऊ द्या. कातडी वाढत असते, नक्षी ताणली जाते, आणि चौदाव्या वर्षी आवडलेलं अठराव्या वर्षी आवडेलच असं नाही.

नको झाला तर घालवता येतो ना, हा प्रश्न असतोच. लेझरने घालवतात, पण ते पुसणं नव्हे. लेझरचा अगदी क्षणभराचा झटका रंगाच्या कणाला फोडतो, मग ते तुकडे त्याच पांढऱ्या पेशी हळूहळू वाहून नेतात, म्हणून दोन सेशनमध्ये सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं आणि सेशन बरीच लागतात. काळा रंग सगळ्यात चांगला जातो, हिरवा-निळा चिवट, पिवळा त्याहून, आणि पांढरा किंवा कातडीच्या रंगाचा टॅटू असेल तर तो लेझर लागल्यावर चक्क काळा पडू शकतो. आपली कातडी सावळी असते, लेझरला तिच्यातला रंग आणि टॅटूचा रंग ह्यांत गल्लत होऊ शकते, म्हणून पांढरे डाग राहण्याची शक्यता गोऱ्या कातडीपेक्षा जास्त, आणि म्हणून ब्युटी पार्लरमध्ये नाही, त्वचारोगतज्ज्ञाकडेच जायचं. ते आपल्याकडे बहुतेक जिल्ह्याच्या गावाला किंवा कोल्हापूर, गोवा, मुंबईलाच भेटतात, तर जाण्या-येण्याचा खर्चही त्यात धरा. टॅटू काढायला लागतात त्याच्या कितीतरी पट पैसे घालवायला लागतात. आणि भरतीसाठी घालवताय तर निदान वर्षभर आधी सुरू करा. बाजारात मिळणारी टॅटू घालवायची क्रीम आणि अॅसिड लावू नका, त्याने कातडी जळते आणि रंग तिथेच राहतो.

शेवटचं रक्ताचं. आपल्या भागात रक्तपेढ्या लांब आहेत, रात्री-अपरात्री ग्रुपवर मेसेज येतो आणि ठरलेली पाच-सहा पोरंच धावतात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे टॅटू काढल्यावर १२ महिने रक्त देता येत नाही. कारण सोपं आहे, सुईतून संसर्ग झाला असेल तर तो तपासणीत दिसायला वेळ जातो, आणि त्या मधल्या काळातलं रक्त दुसऱ्याला चढलं तर त्याचं नुकसान. म्हणून ज्यांचा ग्रुप निगेटिव्ह आहे, ज्यांच्या घरात कोणी गरोदर आहे किंवा कोणाचं ऑपरेशन ठरलंय, त्यांनी टॅटू पुढे ढकला. आणि काढला असेल तर तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा आणि गावच्या ग्रुपवर कळवून टाका की अमुक तारखेपर्यंत मला धरू नका, म्हणजे वेळेला फोन करणाऱ्याचा तेवढा वेळ वाचेल.